लांबडीचं दुसरं इंजिन

ती गाडी भंगारात घालायचं ठरवलं ते मीच. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण सुरुवात तिथूनच आहे.

पुणतांब्यात आमचं घर गावाच्या कडेला, गोदावरीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. घराला लागून एक पत्र्याची लांब शेड. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या शेडमध्ये एक काळी गाडी उभी होती. ती साधी मोटार नव्हती. परदेशी, जुनी, आणि इतकी लांब की तिच्या पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत झाडून काढायचं तर मध्ये एकदा कंबर सरळ करावी लागायची. पुढे ड्रायव्हरची सीट, तिच्यामागे वरखाली होणारी काच, काचेमागे घडी घालून ठेवायच्या दोन छोट्या सीटा, आणि सगळ्यात मागे सोफ्यासारखी रुंद बैठक. शहरात असल्या गाडीला लिमोझिन म्हणतात. आमच्या गावात तिला लांबडी म्हणत. टपावर गोधड्यांची चवड, मागच्या बैठकीवर लसणाच्या जुड्या आणि चाकांना जाळी लागलेली, अशी ती नऊ वर्षं मी पाहिली.

गाडी माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणायचे. तरुणपणी ते कोपरगावकडच्या एका मोठ्या बागायतदाराकडे ड्रायव्हर होते. बागायतदारानं मुंबईहून हौसेनं ही गाडी आणली, काही वर्षं मिरवली, आणि तिचं पेट्रोल पिणं परवडेना तेव्हा ती मामांच्या नावावर करून दिली. मग मामांनी तिची टॅक्सी केली. तेव्हा शिर्डीला रेल्वे नव्हती. भक्त कोपरगावला नाहीतर आमच्या पुणतांबा स्टेशनला उतरायचे आणि तिथून मिळेल त्या वाहनानं जायचे. मामा लांबडी घेऊन स्टेशनबाहेर उभे राहायचे. घडीच्या सीटा उघडल्या की आख्खं कुटुंब आत मावायचं. पुढे जीपगाड्या आल्या, रिक्षा आल्या, आणि मग आमच्याच स्टेशनातून फाटा फुटून आगगाडी थेट शिर्डीला जाऊ लागली. लांबडी शेडमध्ये गेली ती गेलीच. मामांनी उरलेली वर्षं दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर काढली.

मी शिवणकाम करते. ब्लाऊज, फ्रॉक, पडदे, जे येईल ते. घरातल्या एका कोपऱ्यात मशीन होतं आणि गिऱ्हाइकांना बसायला जागा नव्हती. सासूबाई होत्या तोवर मी काही बोलले नाही. त्या गेल्या, वर्ष झालं, आणि मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, शेड मोकळी झाली तर मी तिथं दुकान टाकीन. तेवढं मामांना विचारा."

नवरा सुप्याला एका कारखान्यात वेल्डर. तिथंच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचा. तो म्हणाला, "मी नाही विचारणार. तूच विचार."

आमच्याकडे सून सासऱ्याशी कामापुरतं बोलते. "जेवायला वाढलंय", "पाणी आलंय", यापलीकडे नऊ वर्षांत आमचं बोलणं गेलं नव्हतं. तरी एका सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "मामा, शेडमधली गाडी भंगारवाल्याला दिली तर मला मशीन लावायला जागा होईल."

त्यांनी चहा बशीत ओतला. पिऊन झाल्यावर म्हणाले, "दे की. पडूनच हाय."

एवढंच. मला बरं वाटलं. इतकं सोपं असतं तर आधीच विचारलं असतं, असंही मनात आलं.

श्रीरामपूरचा एक भंगारवाला आमच्याकडे नेहमी यायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. साठीचा माणूस, दाढीला मेंदी, मालाला हात लावला की वजन सांगणारा. तो एक टेम्पो आणि जाड दोर घेऊन आला. दोर बांधला, टेम्पोनं ओढ घेतली, आणि लांबडी तसूभर हलली नाही. चाकं गंजून जाम झाली होती. पुन्हा ओढ घेतली तर टेम्पोच्या क्लचचा जळका वास सुटला आणि लांबडीच्या पुढच्या बंपरनं कण्हल्यासारखा आवाज केला.

मामा ओट्यावर बसून बघत होते. ते उठले, चपला घातल्या आणि टेम्पोच्या खिडकीवर थाप मारली.

"थांबा. अशी फरफटत न्यायची न्हाई. चाकं फिरती करून देतो, मग न्या."

"ड्रायव्हरसाब, शेवटी तोडायचीच आहे ना," चाचा म्हणाला.

"तोडा. पन इथनं चालत जाऊ द्या तिला. आठ दिवसांनी या."

चाचा माझ्याकडे बघून हसला आणि गेला.

त्या आठ दिवसांत मी मामांना जितकं पाहिलं तितकं आधी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. सकाळी न्याहारी करून ते शेडमध्ये जायचे ते दुपारी हाक मारीपर्यंत बाहेर यायचे नाहीत. गोधड्या आणि लसूण मी हलवला. त्यांनी कोळ्याची जाळी काढली, गाडी जॅकवर घेतली आणि एकेक चाक उतरवलं. ब्रेकचे ड्रम निघेनात म्हणून दोन दिवस त्यांवर रॉकेल आणि डिझेल टाकत राहिले. निघाल्यावर आतले भाग ताटात मांडून ठेवले. ताट माझ्या भांड्यांतलं होतं.

पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. आधी मला कळलंच नाही, कारण ते मला हाक मारतच नसत.

"पोरी, जरा येतीस का? ब्रेकमदली हवा काढायची हाय. ब्रेक दाबायला मानूस पायजे."

मी शेडमध्ये गेले. त्यांनी ड्रायव्हरच्या सीटकडे हात केला. "तितं बस. मी दाब म्हनलं की दाबायचं, धर म्हनलं की धरायचं, सोड म्हनलं की सोडायचं."

मी डोक्यावर पदर घेऊन त्या सीटवर बसले आणि ते गाडीखाली सरकले. सासरा खाली जमिनीवर आणि सून वर सीटवर. हे सासूबाईंनी बघितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, असा विचार करून मला हसू येत होतं.

"दाब."

मी दाबलं.

"धर. धर. सोड."

चार चाकांना दुपार गेली. मध्ये एकदा मी विचारलं, "मामा, भंगारातच जायचीय तर ब्रेक कशाला हवेत?"

खालून आवाज आला, "बिगरब्रेकाची गाडी मी कुनाला दिली न्हाई आजवर. दाब."

त्या दुपारी ते बोलले. गाडीखालून, माझं तोंड दिसत नसताना, म्हणून बोलले असतील. एका म्हातारीला लांबडीत बसवलं तर ती पायातली वहाण बाहेर काढून ठेवून आत बसली आणि वहाणा स्टेशनातच राहिल्या. मग ते अर्ध्या वाटेवरून परत फिरले. एकदा राहात्याच्या पुढे एका बाईला कळा सुरू झाल्या, तेव्हा घडीच्या सीटा मिटून मधल्या जागेत तिला निजवून दवाखाना गाठला. सासूबाईंना लग्नानंतर सासरी आणलं ते याच गाडीतून, आणि गाडी लागून त्यांना तीन वेळा उलटी झाली. "ती पुन्हा कदी बसली न्हाई तिच्यात," मामा म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं.

आठव्या दिवशी आम्ही दोघांनी आणि शेजारच्या दोन माणसांनी मिळून धक्का दिला. लांबडी कुरकुरली आणि हलली. शेडमधून बाहेर येऊन उन्हात उभी राहिली. मामांनी दारातून पाय घालून ब्रेक लावला, ती थांबली. मग त्यांनी बादली मागितली आणि तिला धुतलं. तोडायला द्यायची गाडी ते दाराच्या खाचांतून जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसत होते.

चाचा आला. मामा घरात जाऊन कागदांची पिशवी घेऊन आले आणि त्याच्यापुढे धरली. ते अगदी नेहमीसारखे उभे होते. पण त्यांनी त्या दिवशी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. कुणाला तरी पोचवायला जाताना माणूस तयार होतो तसे ते तयार झाले होते.

मीच म्हणाले, "चाचा, आज नको."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"यांना विचारायचं राहिलंय," मी नवऱ्याचं नाव पुढे केलं. "ते आले की कळवते."

चाचानं टेम्पो वळवला. मामा पिशवी घेऊन उभेच होते. थोड्या वेळानं म्हणाले, "तुजं दुकान?"

"शेड लांब आहे. एका बाजूला मशीन बसेल."

नवरा सुट्टीला आला तेव्हा त्याला आधी राग आला, मग हसू आलं. "तू गाडी काढायला निघाली होतीस ना?" तो म्हणाला. मग बाहेर जाऊन बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत बसला.

इंजिन चालू होण्यासारखं नव्हतं. मामांनी त्यात तेल सोडून पंधरा दिवस वाट पाहिली, तरी ते फिरेना. शेवटी वरचं झाकण खोललं. आत पाणी जाऊन सगळं गंजलं होतं, एका ठिकाणी तर भिंतीला चीर पडलेली. त्या गाडीचे भाग आता मिळणं शक्य नव्हतं. नवऱ्यानं मोबाईलवर शोधून पाहिलं. परदेशात कुठंतरी होते, पण त्यांचा भाव ऐकून मामांनी हातानंच नको म्हटलं.

आठवडाभर बॉनेट उघडंच राहिलं. मग एक दिवस जुन्या बॅटऱ्या न्यायला आलेला चाचा आत डोकावला आणि म्हणाला, "ड्रायव्हरसाब, माझ्याकडे एक पिकअप आलीय. पुढून पार चेंदा, पण इंजिन एकदम साबूत. डिझेल. गिअरबॉक्ससकट घ्या."

"टेम्पोचं इंजिन? हिच्यात?"

"मग काय झालं?"

"न्हाई," मामा म्हणाले आणि उठून गेले.

ते दोन दिवस जेवले, झोपले, पण शेडकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी फ्रॉकला काजं करत होते तर येऊन उंबऱ्यापाशी बसले.

"ही गाडी लई शांत हुती," ते म्हणाले. "चालू हाय का बंद, ते कळायचं न्हाई. मानसं इचारायची, ड्रायव्हर, चालू करा की. आन मी म्हनायचो, चालूच हाय. डिझेल घातलं तर ते खडखड करनार."

मी म्हणाले, "मामा, खडखड करीत का होईना, चालेल."

संध्याकाळी त्यांनी चाचाला फोन लावायला सांगितलं.

व्यवहार अदलाबदलीचा झाला. जुनं इंजिन, जुना गिअरबॉक्स, शेडमधल्या मोडक्या नांगराचं लोखंड आणि सासूबाईंच्या वेळची एक खिळखिळी लोखंडी कॉट, हे सगळं चाचानं नेलं आणि पिकअपचं इंजिन आणून टाकलं. वर थोडे पैसे लागले ते मी लग्नसराईच्या शिलाईतून दिले. विहिरीतल्या मोटारी काढणाऱ्या माणसाची तिपाई आणि चेनपुली आणली. जुनं इंजिन साखळीला लटकून वर आलं तेव्हा मामा त्याच्या खालून हात धरून उभे होते, जणू ते पडलं असतं तर त्यांनी झेललं असतं.

मग तीन-चार महिने आमचं घर त्या गाडीच्या भोवती फिरत राहिलं. नवरा सुट्टीच्या दिवशी आला की वेल्डिंग. नवं इंजिन जुन्या पायांवर बसत नव्हतं, म्हणून त्यानं जाड पट्ट्यांचे नवे पाय केले. बापलेकांची दर खेपेला भांडणं. नवरा कागदावर मापं काढायचा, मामा एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "डावीकडं झुकतंय."

"आप्पा, मी मोजलंय."

"मोज परत."

मोजलं तर खरंच झुकलेलं असायचं.

इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नव्यानं करायचा होता, कारण नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा आखूड होता. मामांनी माझ्याकडून टेप नेला, स्वतः गाडीखाली झोपून माप घेतलं, आणि श्रीरामपूरला लेथवर जाऊन दांडा करवून आणला. बसवायला गेले तर तो बोटभर आखूड. मामा पुन्हा मोजत बसले. माप तेच येत होतं. लेथवाल्याकडे परत गेले, त्यानं आपल्या पट्टीनं मोजून दाखवलं, तर त्यानं लिहून दिल्याबरहुकूम केलेलं. मामा घरी येऊन बसले. माणूस म्हातारा झाला की असंच होतं, असं काहीतरी पुटपुटले.

मला तोवर कळलं होतं. तो टेप मी अकरा वर्षं वापरत होते. कापडाचा टेप ओढून ओढून लांबतो. मी नवऱ्याची लोखंडी पट्टी आणून शेजारी ठेवली आणि दोन्ही मामांपुढे धरले.

"मामा, चूक तुमची नाही. माझा टेप ताणलाय."

त्यांनी दोन्हींकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "मग गावातल्या बायांना ब्लाऊज कसं बसतंय?"

"परत आणतात की. मी उसवून देते."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. दांड्याला तुकडा जोडून आणावा लागला, पण त्या दिवसापासून मामा माझ्याशी बोलायला गाडीखाली जायची वाट बघेनासे झाले.

आतलं काम माझं. बैठकीचं कातडं तडकलं होतं, आत काथ्या आणि स्प्रिंगा. उसवताना फटींतून केसांच्या पिना निघाल्या, चुरमुरे, उदीची एक पुडी, लहान मुलीची फुटकी बांगडी. नवं कातडं परवडणारं नव्हतं. मी गडद तपकिरी रेक्झिन आणलं. माझ्या मशीनच्या सुया मोडायला लागल्या तेव्हा जाड कडांना दाभणानं हातशिलाई घातली. टपाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळं पडद्याचं कापड लावलं. ते ताणून बसवताना मी मधल्या जागेत उताणी झोपले होते, आणि मामा बाहेरून डोकावून सांगत होते, "उजवीकडं सुरकुती हाय." बापलेकांच्या भांडणात आता मीही होते.

इंजिन सुरू झालं तो दिवस रविवार होता. नवऱ्यानं किल्ली फिरवली. दोनदा नुसतं घुरघुरलं, तिसऱ्यांदा काळा धूर निघाला आणि शेडचे पत्रे थडथडू लागले. आमची मुलगी कानांवर हात ठेवून अंगणात पळाली. शेजारी जमले. नवरा बॉनेटवर हात ठेवून उभा होता. त्याचे डोळे भरलेले मी पाहिले आणि दुसरीकडे बघितलं.

मामा मात्र पायरीवर जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले.

"आवाज लई हाय," ते म्हणाले.

"हो."

"चालती हाय पन."

"हो."

"मग ठीक."

कागदांसाठी आरटीओत तीन खेपा झाल्या. इंजिन बदलल्याची नोंद, गाडी दाखवणं, शिक्के. तिसऱ्या खेपेला तिथल्या साहेबांनी घडीच्या सीटा स्वतः उघडून मिटून पाहिल्या आणि सही केली.

पहिली फेरी शिर्डीची. मामा म्हणाले, दुसरीकडे कुठं जाणार. ते चालवायला बसले, नवरा शेजारी, मी आणि मुलगी मागे. गिअरची दांडी आता खाली आली होती, पण मामांचा हात राहून राहून स्टिअरिंगजवळच्या जुन्या दांडीकडे जायचा. ती दांडी त्यांनी काढू दिली नव्हती, नुसतीच होती. गावातून निघताना लोक थांबून बघत होते. राहात्याच्या रस्त्याला लागल्यावर मामांनी मधली काच खाली केली.

"मागं हादरतंय का?"

"थोडं," मी म्हणाले. खरं तर दात वाजत होते.

राहात्याच्या अलीकडे इंजिन तापलं. कालव्याच्या कडेला गाडी लावली, नवऱ्यानं डबा भरून पाणी आणलं. अर्धा तास आम्ही पेरूच्या बागेच्या सावलीत बसलो. मामा अस्वस्थ नव्हते. "आदीची बी तापायची," ते म्हणाले, आणि पेरू कापून सगळ्यांना दिला.

शिर्डीत सगळं बदललेलं. लॉजच्या उंच इमारती, पार्किंगची पोरं शिट्ट्या मारत हात करणारी. मामा गोंधळले. जिथं ते गाडी लावायचे तिथं आता प्रसादाच्या दुकानांची रांग होती. शेवटी एका गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. कोपऱ्यावर एक म्हातारी गुलाबाच्या पाकळ्या आणि हार घेऊन बसली होती. तिनं मान वर केली, गाडीकडे बघितलं, मग मामांकडे.

"ड्रायव्हर," ती म्हणाली, "मानसं कुठं हायेत?"

मामांनी मागे आमच्याकडे बोट केलं. "ही काय. घरचीच हायेत."

"हां," ती म्हणाली आणि तिनं एक हार मामांच्या हातात ठेवला. पैसे घेतले नाहीत. तो हार मामांनी देवळात नेला. एवढी वर्षं माणसं आणून सोडली, पण बहुतेक वेळा गाडीला टेकून बाहेरच थांबावं लागे, असं ते रांगेत उभे असताना म्हणाले.

त्यानंतर लांबडी लग्नांना जाऊ लागली. आसपासच्या गावांतून लोक विचारत यायचे. नवरीला मागच्या बैठकीवर बसवायचं, करवल्या घडीच्या सीटांवर. मामा फेटा बांधून चालवायचे. गाडी गावात शिरायच्या आधीच तिची खडखड ऐकू यायची आणि लोक म्हणायचे, नवरी आली. माझं शिवणकामही वाढलं, कारण नवरीची आई गाडी बघायला यायची आणि ब्लाऊज टाकून जायची.

तिसऱ्या वर्षी मामांना दिसणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले, नजर गेली ती परत येणार नाही, आहे ती राखायची. त्यांनी घरी येऊन किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"त्याला सुट्टी नसती," ते म्हणाले. "तू शीक."

मी शिकले. नदीकडच्या मोकळ्या रस्त्यावर, सकाळी सकाळी. मामा शेजारी बसायचे. त्यांना पुढचा रस्ता धूसर दिसायचा, पण कान शाबूत होते. "इंजिन कन्हतंय, गिअर उतर." "आता घाई करू नको, तिला बोलू दे." ज्या आवाजाला त्यांनी नावं ठेवली, त्याच आवाजावरून ते मला चढ, उतार आणि खड्डा सांगायचे. मी पहिल्यांदा एकटीनं नवरी पोचवून आले, तेव्हा ते ओट्यावर होते. गाडी बंद केल्यावर म्हणाले, "वेशीपाशी दुसऱ्यावर यायचं हुतं, तू तिसऱ्यावर आलीस." वेस आमच्या घरापासून चांगली लांब आहे.

मामांना जाऊन आता दोन वर्षं झाली. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. त्यांच्या मनात ती जुनी, शांत गाडी शेवटपर्यंत होती. अधूनमधून म्हणायचे, तुमाला ती कळायची न्हाई. खरं आहे, मला ती कळली नाही. मला आठवते ती खडखड करणारीच. मी शेडमध्ये शिवत बसले असताना कधी रस्त्यानं एखादी पिकअप जाते, तेव्हा माझा पाय मशीनवर थांबतो.

दहाव्याला चाचाला येता आलं नव्हतं. तो महिन्याभरानं आला. आता त्याचा मुलगा धंदा बघतो, तो नुसता फिरतो. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, मामा कसे गेले ते विचारलं. मग शेडकडे बघून म्हणाला, "बेटी, जरा चालू कर ना."

मी किल्ली आणली, आत बसले आणि गाडी सुरू केली. पत्रे थडथडले. चाचा दाराला टेकून, मान खाली घालून ऐकत राहिला. मीही आत बसून राहिले. दोन-तीन मिनिटं गेली असतील.

"चांगलं निघालं इंजिन," तो म्हणाला. मग हात हलवला. "बंद कर. डिझेल जळतंय."

मी बंद केली आणि चहा ठेवायला घरात गेले.